नवतपा सोसणाऱ्यांनी चँडलरला कधी जावं?

प्रश्न : आम्ही नागपूरकर. मी ६४ वर्षांची, हे ७०. मुलगा-सून अमेरिकेत ॲरिझोनातल्या चँडलर गावी असतात. दोघंही नोकरी करतात. नातू तिसरीत आहे. त्याच्या उन्हाळी सुट्टीत, म्हणजे १५ मेपासून जुलैअखेरपर्यंत, त्यांच्याकडे जावं असं आमच्या मनात आहे. मुलगा म्हणतो, "तेव्हा नका येऊ, फार ऊन असतं." हे म्हणतात, "नागपूरच्या माणसाला उन्हाची भीती घालतो का?" मला मात्र वेगळंच वाटत राहतं, की आमचं येणंच त्यांना जड होतंय का? न्यू जर्सीला राहून आलेल्या जाऊबाई म्हणतात, तिथे वाळू आणि बंद दारं याशिवाय काही नाही, गाडी चालवता येत नसेल तर कैदच. यांना मधुमेह आहे आणि पायांना मुंग्या येतात. जावं का? कधी जावं? आणि दिवसभर तिथे करायचं काय?
— एक वाचक, नागपूर

उत्तर :

काकू, आधी तुमच्या मनातली शंका काढून टाकते. तुमचा मुलगा खरं बोलतोय. मी चँडलरला लागून असलेल्या गिल्बर्टमध्ये राहते. इथे राहणारं जवळजवळ प्रत्येक मराठी घर आपल्या आईवडिलांना फोनवर हेच सांगत असतं. ज्यांना तुम्ही यायला हवे असता तीच मुलं "मेमध्ये नको" म्हणतात, कारण तुम्ही आल्यावर तुमच्याबरोबर बाहेर पडता यावं अशी त्यांची इच्छा असते. तेव्हा जावं का, याचं उत्तर "नक्की जा" असंच आहे. फक्त तारखा बदला.

काकांचा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. नागपूरचा मे महिना ज्याने काढलाय त्याला उन्हाचं शिकवायला मी कोण? पण नागपूरच्या उन्हाळ्याला शेवट असतो. नवतपाचे ते नऊ कडक दिवस सरतात, जूनच्या मध्यावर कधीतरी आभाळ भरून येतं, पहिली मोठी सर पडते आणि माणसं सुटकेचा श्वास घेतात. इथे जूनच्या मध्यावर उन्हाळा नुकता अंगावर यायला लागलेला असतो. जुलै आणि ऑगस्ट पुढे उभे असतात आणि सप्टेंबरही सहजी सोडत नाही. २०२४ मध्ये फिनिक्सला सलग ११३ दिवस पारा ३७.८ अंश किंवा त्याहून वर गेला. त्याच्या आदल्या वर्षी, जूनच्या शेवटापासून जुलैच्या शेवटापर्यंत, सलग ३१ दिवस तो रोज ४३.३ किंवा त्याहून वर होता. २६ जून १९९० ला तर ५० अंशांची नोंद झाली. चँडलर म्हणजे फिनिक्सचंच उपनगर, मध्ये मोकळं रान असं काही उरलेलं नाही. त्यामुळे तिथलं ऊन तेच इथलं ऊन.

दुसरी गोष्ट रात्रीची. डांबर, काँक्रीट आणि भिंतींनी दिवसभर साठवलेली उष्णता रात्री बाहेर पडते. जुलैमध्ये पहाटेसुद्धा पारा ३० च्या खाली येत नाही अशा रात्री बऱ्याच असतात. गच्चीवर पाणी शिंपडून, खाट टाकून निजण्याची सोय इथे नाही. सरकारी हिशेबात इथेही १५ जून ते ३० सप्टेंबर असा पावसाळा असतो. पण फिनिक्सचा वर्षभराचा पाऊस साधारण १८० ते २०० मिलिमीटर. नागपूरचा एकटा जुलै त्याहून जास्त देऊन जातो. इथल्या पावसाळ्यात आधी धुळीची प्रचंड भिंत चालून येते, त्याला इथे हबूब म्हणतात. मागून चार थेंब आले तर आले.

एसी घरात असतो, गाडीत असतो, दुकानात असतो, म्हणून माणसं इथे राहतात. पण २०२३ मध्ये फिनिक्स आणि चँडलर ज्या मॅरिकोपा काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, येतात तिथे उष्णतेमुळे ६४५ माणसं दगावली, आणि त्यांत वयस्कर बरेच होते.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मात्र मी थांबले. काकांच्या पायांना मुंग्या येतात. मधुमेहात पायांची संवेदना कमी झाली असेल तर इथला उन्हाळा त्यांच्यासाठी खराच धोक्याचा आहे. जूनमध्ये दुपारी डांबर ७० अंशांपर्यंत तापतं. पोहण्याच्या तलावाभोवतीची फरशी, मागच्या अंगणातलं काँक्रीट, टपालपेटीपर्यंतचा चार पावलांचा रस्ता, इतक्यावर अनवाणी चालून माणसं गंभीर भाजतात. ज्यांना पायाखालचं कळत नाही त्यांना भाजल्याचंही उशिरा कळतं. आपल्याकडे अंगणात, देवळात अनवाणी वावरायची सवय असते, म्हणून मुद्दाम सांगते. कुठल्याही महिन्यात आलात तरी काकांनी घराच्या उंबऱ्याबाहेर पायात काहीतरी घातल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही.

आणि जाऊबाईंचं म्हणणं? मे ते सप्टेंबर ते खरं ठरेल. त्या महिन्यांत इथे सगळेच कैदेत असतात, गाडी येणारेसुद्धा. बाकीच्या दिवसांत ते अजिबात खरं नाही.

आता तारखा. फेब्रुवारीच्या मध्यावर या आणि एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात परत जा. नातवाची सुट्टी हे मे गाठण्याचं कारण असेल तर एक गोष्ट मुलाला विचारा. चँडलरच्या शाळा जुलैच्या उत्तरार्धातच सुरू होतात आणि मेच्या अखेरीस संपतात. म्हणजे तुम्ही ठरवलेल्या १५ मेला तो शाळेतच असेल आणि तुमच्या जुलैअखेरीस पुन्हा शाळेत जायला लागलेला असेल. उन्हाळ्याची सुट्टी अशी आखूड असते, म्हणून त्या बदल्यात मार्चमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये मधली सुट्टी मिळते. मार्चच्या सुट्टीच्या तारखा शाळेच्या कॅलेंडरमध्ये वर्षभर आधी लागतात. त्या मध्ये धरा आणि अलीकडे-पलीकडे तीन-तीन आठवडे ठेवा.

त्या दिवसांत दुपारी २० ते २७ अंश असतात, पहाटे १० च्या आसपास. एक स्वेटर, एक जाड शाल लागेल. ऊन असतं, भरपूर असतं, पण ते अंगाला हवंसं वाटतं. थंडीने गारठलेल्या राज्यांतून हजारो म्हातारी माणसं याच उन्हासाठी हिवाळाभर इथे मुक्कामाला येतात. मार्चमध्ये अमेरिकेतल्या १५ बेसबॉल संघांची सरावशिबिरंही फिनिक्सच्या परिसरात भरतात, त्यामुळे विमानं आणि हॉटेलं महागतात. तिकिटं लवकर काढा.

मार्चमधलं एक सुख नागपूरकरांना लगेच ओळखू येईल. संत्र्या-लिंबांना तेव्हा बहर येतो आणि संध्याकाळी गल्लीच्या गल्ली त्या वासाने भरते. रस्त्याकडेच्या झाडांची संत्री मात्र तोडून खाऊ नका, बरीचशी शोभेची आणि कडू जातीची असतात. इथल्या शाळांत मुलांना ॲरिझोनाची पाच वैशिष्ट्यं शिकवतात : तांबं, गुरं, कापूस, संत्रावर्गी फळं आणि हवा. पाचांतली दोन विदर्भाचीही आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळात टायरांसाठी लांब धाग्याच्या कापसाची मागणी वाढली आणि चँडलरच्या आजूबाजूची जमीन कापसाखाली आली. आज त्या बाजूला संगणकाच्या चिपचे कारखाने आणि घरांच्या रांगा आहेत, तरी शहराच्या कडेला काही शेतं अजून टिकून आहेत. मुलाला एकदा तिकडून गाडी न्यायला सांगा. काकांना तो फेरफटका कुठल्याही मॉलपेक्षा जास्त आवडेल.

दिवसभर काय करायचं, हा तुमचा खरा प्रश्न आहे, म्हणून त्याचं उत्तर सविस्तर देते.

सकाळ तुमची ठेवा. सहा-साडेसहाला उठणारी माणसं तुम्ही. चहा घेऊन कालव्यावर जा. चँडलर, गिल्बर्ट, मेसा या गावांतून कालवे वाहतात आणि त्यांच्या काठाने चालायच्या वाटा आहेत. घराजवळचा कालवा कुठला, एवढं मुलाला दाखवायला सांगा. वाळवंटात हे पाणी कुठून आलं, याची हकिगत काकांना नक्की ऐकवा. हजार वर्षांहून आधी इथल्या मूळ रहिवाशांनी, ज्यांना हुहुगम किंवा होहोकम म्हणतात त्यांनी, लाकडी आणि दगडी अवजारांनी शेकडो मैलांचे कालवे खणले आणि या खोऱ्यात मका, कापूस पिकवला. पुढे आलेल्या वसाहतकारांनी त्यांतल्याच काही जुन्या चरांच्या रेषेवर नवे कालवे बांधले. डॉ. अलेक्झांडर चँडलर हे मूळचे पशुवैद्य. ते १८८७ मध्ये या मुलखात आले, कालव्यांच्या धंद्यात पडले, जमीन जमवली आणि १९१२ मध्ये त्यांनी आपल्या नावाचं गाव वसवलं. गावच्या चौकातलं सॅन मार्कोस हॉटेल त्याच्या पुढच्या वर्षी उघडलं, ते आजही उभं आहे. १९११ मध्ये पुरं झालेलं रूझवेल्ट धरण आणि नंतर कोलोरॅडो नदीचं पाणी ५४० किलोमीटरवरून आणणारा मोठा कालवा, यांवर हा सगळा हिरवेपणा उभा आहे. फिनिक्समध्ये विमानतळाजवळ सेदाव वाआकी संग्रहालय आहे, तिथे हुहुगमांचे मूळ कालवे आणि त्यांच्या वस्तीचे अवशेष पाहता येतात. जागा लहानशी आहे, गर्दी नसते. माझ्या मते या शहराची ओळख तिथूनच करून घ्यावी.

पक्ष्यांची आवड असेल तर चँडलरमधलं वेटरन्स ओअॅसिस पार्क आणि गिल्बर्टमधलं वॉटर रँच ही दोन ठिकाणं चुकवू नका. शहराचं सांडपाणी शुद्ध करून इथे तळी भरली आहेत, आणि हिवाळ्यात त्यांवर बदकं, बगळे अशी जत्रा असते. वाटा सपाट आहेत, बाकं आहेत, सावली आहे. काकांच्या गुडघ्यांना आणि साखरेला दोन्हीला चालेल असा फेरा होतो.

गाडीचं म्हणाल तर इथे एक वेगळी सोय आहे. वेमो नावाच्या, चालक नसलेल्या टॅक्सी या भागात रोज फिरतात. त्या सुरुवातीला चँडलरच्याच रस्त्यांवर धावू लागल्या. फोनवरून बोलवायची, मागे बसायचं, पट्टा लावायचा, बटण दाबायचं. स्टीअरिंग आपोआप फिरताना बघून पहिल्यांदा छातीत धस्स होतं. म्हणून पहिल्या वेळी मुलाला किंवा सुनेला बरोबर घ्या आणि ॲप तुमच्याच फोनवर घालून घ्या. एकदा सवय झाली की वाचनालय, किराणा, चौक, कुणाकडे हळदीकुंकू, कशासाठीही मुलाच्या सुट्टीची वाट पाहावी लागणार नाही. काकू, तुमच्या मनावरचं 'त्यांना त्रास नको' हे ओझं यानेच सगळ्यात जास्त हलकं होईल. फिनिक्स शहरात जायचं असेल तर शेजारच्या टेंपी किंवा मेसापर्यंत टॅक्सीने जा, पुढे लाइट रेल आहे. चँडलरपर्यंत ती येत नाही.

फिनिक्समध्ये सेदाव वाआकीखेरीज आणखी तीन ठिकाणं मी आवर्जून सांगेन. पॅपॅगो पार्कातली डेझर्ट बोटॅनिकल गार्डन १९३९ पासून आहे. हात वर करून उभे असलेले सवारो निवडुंग तिथे जवळून बघा. हे झाड फक्त सोनोरन वाळवंटात, म्हणजे याच टापूत उगवतं. त्याला पहिली फांदी फुटायलाच पन्नास-पाऊणशे वर्षं जातात आणि ते दीडशे-दोनशे वर्षं जगतं. म्हणजे ज्या सवारोला चार-पाच फांद्या दिसतील तो पणजोबांच्या वयाचा समजा आणि नातवालाही सांगा. हर्ड म्युझियममध्ये इथल्या आदिवासी समाजांची कला आहे, त्यात आज हयात असलेल्या माणसांचीही. चँडलरच्या हद्दीला लागूनच गिला रिव्हर या आदिवासी समाजाची जमीन आहे, हे लक्षात ठेवून ते पाहिलं तर जास्त उमजतं. आणि काकांना गाण्याची आवड असेल तर शहराच्या उत्तरेकडचं वाद्यांचं संग्रहालय. जगभरच्या देशांची वाद्यं, कानाला हेडफोन, आणि ज्या वाद्यापुढे उभं राहाल ते वाजू लागतं. भारताच्या दालनापाशी अर्धा तास सहज जाईल. संग्रहालयाला अख्खा दिवस द्या, मधे जेवणाची सोय तिथेच आहे.

डोंगर चँडलरच्या सगळ्या बाजूंना दिसत राहतात, पण चढायचे कुठले हे नीट ठरवा. फिनिक्सच्या मधोमध उंटाच्या पाठीसारखा कॅमलबॅक आहे. छायाचित्रं पाहून तिथे जावंसं वाटेल, मात्र ती चढण खडकाळ आणि उभी आहे. कडक उन्हाच्या दिवसांत तर शहरच ती वाट दिवसाची बंद ठेवतं. काकांनी तो खालूनच पाहावा. त्याऐवजी पॅपॅगो पार्कात लाल खडकातलं मोठं भोक आहे, तिथवरची चढण छोटी आहे. साउथ माउंटनवर डॉबिन्स लुकआउटपर्यंत गाडी जाते. सूर्य मावळायच्या तासभर आधी पोचा, अख्खं खोरं खाली पसरलेलं दिसतं. पूर्वेला सुपरस्टिशन डोंगराची भिंत आहे. तिच्या पायथ्याशी लॉस्ट डचमन स्टेट पार्कात सपाट वाटांवर चालता येतं, आणि हिवाळ्यात पाऊस चांगला झाला असेल तर मार्चमध्ये तिथे पिवळ्या-केशरी पॉपींचे गालिचे पसरतात. दर वर्षी फुलतीलच असं नाही.

डोंगरात जाताना विरळ दातांचा एक कंगवा खिशात असू द्या. चोया नावाचा निवडुंग आहे, नुसता घासला तरी त्याचा काटेरी तुकडा कपड्याला किंवा कातडीला चिकटतो. हाताने उपटायला गेलात तर हातालाच अडकतो. कंगवा खालून घालून झटका द्यायचा, निघतो. काकांचे पाय बंद बुटांतच हवेत. विंचू तुम्हाला नवा नाही. इथेही घरात कधीकधी येतो, तेव्हा बूट झटकून घालायची आपली सवय सोडू नका.

ग्रँड कॅन्यन मुलाच्या सुट्टीतच करा, एका दिवसात नको. चार तासांचा रस्ता आहे, तिथे एक रात्र राहा. आणि कपड्यांचं बघा. चँडलर साधारण ३७० मीटर उंचीवर आहे, कॅन्यनचा दक्षिण काठ २१०० मीटरवर. तुम्ही इथून सुती कपड्यांत निघाल आणि तिथे मार्चमध्ये बर्फ असू शकतो. वाटेत सेडोनाचे लाल डोंगर लागतात, तिथे दुपारचं जेवण होईल असं आखा. जाऊबाई लास व्हेगासचं सुचवतील. माझं मत विचाराल तर तो वेळ नातवाबरोबर घालवा.

मन रमण्यासाठी अजून एक. चँडलरच्या दक्षिणेला मॅरिकोपा नावाच्या गावात महागणपतीचं देऊळ आहे, आसपासची सगळी भारतीय मंडळी तिथे जातात. तिथे दोन-चार वेळा गेलात की ओळखी होतील, आणि मराठी मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमाची बातमीही तिथेच कळेल. डाळी, पिठं, मसाले सगळं चँडलरमध्ये मिळतं. सामानात भरायचंच असेल तर घरचं तिखट आणि गोडा मसाला आणा. फळं, बियाणं, रोपं मात्र आणू नका, विमानतळावर काढून घेतात, आणि न सांगता आणलीत तर दंड होतो. घरी फोन करायची वेळ सोपी आहे : ॲरिझोनात घड्याळं पुढेमागे करत नाहीत, त्यामुळे नागपूर बारा महिने साडेबारा तास पुढे. इथे रात्रीचे आठ म्हणजे तिथे दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेआठ.

भारतातून फिनिक्सला थेट विमान नाही. निवड असेल तर युरोपातून सरळ फिनिक्सला उतरणारं विमान घ्या. अमेरिकेतल्या दुसऱ्या शहरात विमान बदललं तर इमिग्रेशन तिथेच होतं, सामान उचलून पुन्हा द्यावं लागतं आणि पुढचं विमान चुकायची धास्ती राहते. दोघांसाठीही व्हीलचेअर मागून ठेवा, त्यात संकोच नको.

आता तब्येतीचं. काकांच्या डॉक्टरांकडे निघण्याआधी महिनाभर जा. पूर्ण मुक्कामाच्या आणि वर पंधरा दिवसांच्या गोळ्या, मूळ पाकिटांत, इंग्रजी चिठ्ठीसह घ्या. इन्सुलिन असेल तर ते उभ्या गाडीत कधीही ठेवू नका, मार्चमध्येसुद्धा. विमा घेताना आधीपासून असलेल्या आजारांबद्दलचा भाग मुलाला ओळ न ओळ वाचायला सांगा. स्वस्त विम्यांत नेमकं तेच वगळलेलं असतं. इथली हवा इतकी कोरडी असते की घाम आल्याचं कळतच नाही, जागीच सुकतो. तहान लागायची वाट न बघता पाणी प्या. ओठ फुटतात, टाचा फुटतात, काहींना नाकातून रक्त येतं. रोज रात्री खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावा, आणि काकांच्या टाचांना भेगा पडतायत का ते तुम्ही स्वतः पाहा.

शेवटचं इथल्या धुळीचं. या वाळवंटाच्या मातीत एक बुरशी असते, तिच्यामुळे व्हॅली फीव्हर नावाचा फुप्फुसांचा आजार होतो. तो माणसाकडून माणसाला लागत नाही, श्वासातून गेलेल्या धुळीने होतो, आणि बहुतेकांना आपोआप बरा होतो. साठीपुढच्यांना आणि मधुमेह असणाऱ्यांना मात्र तो जड जाऊ शकतो. धूळ उडत असेल त्या दिवशी घरात राहा, खिडक्या लावून घ्या. लक्षणं एक ते तीन आठवड्यांनी दिसतात, म्हणजे कदाचित तुम्ही नागपूरला परतल्यावर. ताप, खोकला, छातीत दुखणं, न जाणारा थकवा असं काही झालं तर आपल्या डॉक्टरांना पहिल्या भेटीतच सांगा, की आम्ही ॲरिझोनाहून आलोय. आपल्याकडे हा आजार नसल्याने तो त्यांच्या मनात येणार नाही, आणि न्यूमोनिया किंवा टीबी समजून भलतेच उपचार सुरू होऊ शकतात. आजाराचं नाव एका कागदावर लिहून काकांच्या फाइलीत आत्ताच लावून ठेवा.